चाळीस मिनिटं मागायला गेले

आई अजूनही विचारते, "रात्रभर नेमकं काय करतेस गं तिकडे?" सुरुवातीची काही वर्षं मी तिला सर्व्हर, बायोस, फर्मवेअर असं काहीबाही समजावत होते. आता सरळ सांगते, "मशिनं बंद करते आणि परत चालू करते." तिला तेवढं पुरतं. माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मलाही अजून जमलेलं नाही. फक्त त्यात एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे बंद करायची परवानगी मागणं. कामातले चार आणे मशिनपाशी खर्च होतात आणि बारा आणे त्या परवानगीपाशी.

कराडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी मुंबईत आले, आणि गेली १३ वर्षं महापे एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरमध्ये आहे. इमारत आमची नाही, आम्ही भाडेकरू. दुसऱ्या मजल्यावर जाळी लावलेला आमचा केज, त्यात २२ रॅक आणि साधारण ३४० सर्व्हर. पैशांच्या व्यवहाराशी संबंधित कंपनी आहे, एवढंच सांगते. वीज, डिझेल जनरेटर, एसी हे सगळं इमारतवाल्यांकडे. सर्व्हरच्या पत्र्याच्या आत जे काही आहे ते आमच्या चौघांच्या टीमकडे. आणि त्यात फर्मवेअर, म्हणजे मशिनच्या प्रत्येक भागाच्या पोटात बसवलेलं त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, माझ्याकडे, कारण आठ वर्षांपूर्वी एका मीटिंगला मी उशिरा पोचले.

एका सर्व्हरमध्ये एकच फर्मवेअर असतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. गेल्या वर्षी एका सर्व्हरमधली फर्मवेअरं मी बसून मोजली. बायोसचं एक, बायोस म्हणजे मशिन चालू करताना सगळ्यात आधी जागं होणारं. बीएमसीचं एक, बीएमसी म्हणजे मदरबोर्डवरचा वेगळा छोटा संगणक, सर्व्हर बंद असला तरी जागा असणारा, आणि मी घरात बसून मशिन चालू-बंद करते ती याच्याच जोरावर. रेड कार्डाचं एक, हे कार्ड अनेक डिस्का एकत्र बांधून सांभाळतं. नेटवर्क कार्डांची दोन, बाहेरच्या स्टोरेजला जोडणाऱ्या फायबर चॅनल कार्डांची दोन, पॉवर सप्लायची दोन. हो, पॉवर सप्लायमध्येही फर्मवेअर असतं. डिस्का जिथे बसतात त्या बॅकप्लेनचं एक. बोर्डावरची वीज क्रमाने चालू करणारी सीपीएलडी चिप आणि सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी टीपीएम चिप, त्यांचं एकेक. आणि डिस्का १०, प्रत्येकीच्या पोटात आपापलं. झाली २२. याला ३४० ने गुणायचा उद्योग मी एकदाच केला.

ही आठवण निघायचं कारण म्हणजे परवा टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने विचारलं, "ताई, चालतंय ना सगळं? मग कशाला हात लावायचा?" प्रश्न चुकीचा नाही. मीही पहिली पाच-सहा वर्षं हेच म्हणत होते. माझं मत बदललं ते २०१९ च्या डिसेंबरात.

त्याआधी नोव्हेंबरात एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने एक सूचना काढली होती. त्यांच्या काही ठरावीक मॉडेलच्या सॅस एसएसडी (सर्व्हरमधल्या एका प्रकारच्या डिस्का) ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. आणि बंद पडल्यावर ना डिस्क परत येणार, ना तिच्यावरचा डेटा. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. प्रोग्रामिंग थोडंफार शिवलेल्या माणसालाही हा आकडा बघून शंका येते, की आत कुठेतरी सोळा बिटांच्या डब्यात तास मोजले जात होते आणि डबा भरला. यातली खरी भीती एका डिस्कची नव्हे. रेडचा सगळा हिशोब असा, की डिस्का वेगवेगळ्या वेळी मरतात. एक गेली की बाकीच्या निभावून नेतात आणि तोवर आपण नवी बसवतो. पण एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच दिवशी चालू केलेल्या आठ डिस्का एकाच मुहूर्तावर जायच्या असतील तर रेड काय करणार? मार्च २०२० मध्ये तशीच दुसरी सूचना आली. यावेळी वेगळी मॉडेलं आणि ४०,००० तास, म्हणजे ४ वर्षं, २०६ दिवस, १६ तास. दोन्ही वेळा इलाज एकच होता, डिस्कचं फर्मवेअर बदलायचं. काम काही मिनिटांचं. वेळेआधी केलं तर.

पहिली सूचना वाचली त्या दिवशी मॅनेजर सरांनी विचारलं, "आपल्याकडे त्यातल्या किती आहेत?"

मला सांगता आलं नाही.

खरेदी खात्याकडे एक्सेल होती, पण ती काय मागवलं याची. मधल्या वर्षांत बिघडलेल्या डिस्का वॉरंटीत बदलून आल्या होत्या, आणि बदलून आलेली डिस्क त्याच मॉडेलची असतेच असं नाही. नव्या सर्व्हरांत बीएमसीला विचारलं की तो डिस्कचं मॉडेल, फर्मवेअर सगळं सांगतो. जुन्यांत ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शिरून तिथलं टूल चालवावं लागलं, आणि तिथे शिरायची परवानगी ज्याच्याकडे तो सुट्टीवर. १४ सर्व्हरांच्या बीएमसीचा पासवर्ड तर कुणालाच माहीत नव्हता. दोन सर्व्हर असे निघाले की ते आमच्या यादीतच नव्हते, पण रॅकमध्ये दिवे लुकलुकवत होते. शेवटी उत्तर मिळालं: एकही नाही. त्या मॉडेलची एकही डिस्क आमच्याकडे नव्हती.

हे उत्तर द्यायला मला नऊ दिवस लागले. सर म्हणाले, "चला, सुटलो." मला मात्र त्या नऊ दिवसांची लाज वाटली, ती अजून जात नाही. बाहेर सूचना आल्यावर "हे आपल्याकडे आहे का" याचं उत्तर ज्याला नऊ दिवसांनी सापडतं, त्याने फर्मवेअर अपडेटच्या गप्पा मारू नयेत.

तेव्हापासून एक शीट आहे. आधी हाताने भरायचे. आता रात्री दोन वाजता एक पायथन स्क्रिप्ट रेडफिशवरून प्रत्येक बीएमसीचं दार ठोठावते आणि आवृत्त्या गोळा करून आणते. रेडफिश हे २०१५ पासूनचं प्रमाण आहे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशिनांना एकाच भाषेत प्रश्न विचारायची सोय. उत्तरं मात्र प्रत्येक कंपनी आपल्या वळणाने देते, त्यामुळे माझ्या स्क्रिप्टमध्ये 'हा असं म्हणतो म्हणजे त्याला तसं म्हणायचंय' छापाच्या ओळी भरपूर. सासरी नवीन गेल्यावर जसं शिकावं लागतं तसं. शीटमध्ये आवृत्त्या आहेत, डिस्कचे चालू तास आहेत, सपोर्ट कराराची मुदत आहे (काही कंपन्या करार संपला की बायोसची फाइल उतरवू देत नाहीत, हे ऐनवेळी कळणं फार वाईट), शेवटचा रीस्टार्ट कधी झाला ते आहे. आणि एक रकाना आहे 'मालक'. सगळ्यात अवघड रकाना तो.

मालक म्हणजे त्या सर्व्हरवर ज्याचं अॅप्लिकेशन चालतं तो. सर्व्हर बंद करायला त्याची हो लागते.

दर बुधवारी चार वाजता आमची चेंजची मीटिंग असते, तिला कॅब म्हणतात. (आईला वाटतं कंपनी मला गाडी पाठवते.) तिथे मी जाते आणि चाळीस मिनिटं मागते. चाळीस का, हेही दरवेळी सांगावं लागतं. घरचा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात चालू होतो, मग तुमचं एवढं काय? दीड टीबी मेमरी असलेला सर्व्हर चालू होताना आधी ती मेमरी तपासत, जुळवत बसतो, पडदा काळा, आणि आपण त्याच्यापुढे उभे. त्यातच सात-आठ मिनिटं जातात. बायोस, कार्डं, डिस्का असं सगळं बदलायचं तर तो दोन-तीनदा तरी बंद-चालू होतो. सीपीएलडी बदललं तर नुसतं रीस्टार्ट चालत नाही, वीजच तोडावी लागते.

आणि समोरून उत्तरं ठरलेली. या आठवड्यात महिनाअखेर आहे. पुढच्या आठवड्यात रिलीज आहे. मग तिमाही. मग दिवाळी, तेव्हा तर पंधरा दिवस कशालाच हात लावायचा नाही. मग मार्च. गेल्या वर्षी मी गंमत म्हणून मोजलं, बावन्न शनिवारांतले माझ्या वाट्याला १७ आले. त्यातला एक अतिवृष्टीत गेला. ट्रान्स हार्बर बंद, मी ठाण्याला फलाटावर.

जी यंत्रणा क्लस्टरमध्ये, म्हणजे एकमेकांचं काम उचलणाऱ्या सर्व्हरांच्या गटात आहे, तिचा प्रश्न नाही. तिथे एका होस्टवरची, म्हणजे गटातल्या एका सर्व्हरवरची, व्हर्च्युअल मशिनं (सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक) शेजारच्यांवर हलवायची, होस्ट मोकळा करायचा, अपडेट करायचा, परत घ्यायचा, पुढचा. कुणाला पत्ता लागत नाही. ३४० पैकी अडीचशे तरी असे आहेत. घोडं अडतं ते उरलेल्यांपाशी. एकटा उभा असलेला डेटाबेस सर्व्हर, लायसन्स त्याच डब्याला बांधलेलं, आणि मालकाच्या चेहऱ्यावर अभिमान: "मॅडम, हा तीन वर्षांत एकदाही बंद झालेला नाही."

या वाक्याला पूर्वी मी दाद द्यायचे. आता पोटात गोळा येतो. दुखणं अंगावर काढणारी माणसं असतात ना, 'मला कधी डॉक्टर लागला नाही' म्हणणारी, तसा तो सर्व्हर. २०२३ मध्ये एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने काढलेल्या आपल्याच चुकांच्या यादीत एक नोंद आली, एपिक ७००२ म्हणजे 'रोम' पिढीच्या प्रोसेसरबद्दल. शेवटच्या रीसेटपासून साधारण १,०४४ दिवस झाले की एखादा कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला एक काम करणारा भाग, झोपेच्या एका खोल अवस्थेतून उठतच नाही. अडकतो. दुरुस्ती येणार नाही असंही तिथेच लिहिलेलं. उपाय दोन, ती झोपेची अवस्था बंद ठेवा किंवा १,०४४ दिवसांच्या आत रीस्टार्ट करा. म्हणजे 'तीन वर्षांत एकदाही बंद नाही' हे वाक्य त्या प्रोसेसरवर धड पुरंही झालं नसतं. तीन वर्षांचे १,०९५ दिवस होतात. तो कागद मी छापून कॅबच्या मीटिंगला नेला होता. छापलेला कागद अजूनही काम करतो. पीडीएफ कुणी उघडत नाही.

तेव्हापासून मी मागणीच वेगळ्या शब्दांत करते. "फर्मवेअर अपडेट करायचंय" म्हटलं की समोरच्याला वाटतं हिचं काहीतरी काम आहे. म्हणून मी विचारते, "हा सर्व्हर ८७० दिवस चालू आहे. तो कधीतरी बंद पडणार. शनिवारी रात्री दोन वाजता, बॅकअप घेऊन, मी समोर उभी असताना पडलेला चालेल, की ३१ तारखेला दुपारी?" लगेच हो म्हणत नाहीत, पण वही उघडतात.

आता एक पद्धत सांगते, जी मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही, मार खाऊन मिळाली. खूप दिवस चालू असलेला सर्व्हर हातात आला की अपडेट करण्याआधी, काहीही न बदलता, तो एकदा नुसता बंद करून चालू करायचा. फक्त तेवढंच. तो परत आला तर मग अपडेट.

कारण असं. काही वर्षांपूर्वी एका रात्रीत १२ जुने सर्व्हर घेतले होते. सहकाऱ्याचं म्हणणं, थेट अपडेट टाकू, वेळ वाचेल. मी हट्टाने आधी नुसता रीस्टार्ट करायला लावला. १२ पैकी दोन आलेच नाहीत. एकाच्या बूट डिस्कची जोडी होती, त्यातली एक केव्हाच मेलेली, अलर्ट बंद पडलेल्या मेलबॉक्सवर जात होता, आणि दुसरीने त्या रात्री मान टाकली. दुसऱ्या सर्व्हरवर कुणीतरी दोन वर्षांपूर्वी नेटवर्कचा रूट (डेटाने कुठल्या वाटेने जायचं ते) हाताने टाकला होता आणि फाइलमध्ये लिहायचा विसरला होता. चालू होतं तोवर चाललं, रीस्टार्ट झाल्यावर गायब. आम्ही थेट फर्मवेअर टाकलं असतं तर या दोन्हींचं खापर कुणावर फुटलं असतं ते सांगायला नको. आणि पुढची दोन वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकावं लागलं असतं, "मागच्या वेळी तुमच्या अपडेटने..."

पण सगळंच जुन्या पापांवर ढकलता येत नाही. एक पाप माझं आहे.

२०२२ चा जुलै. बाहेर मुसळधार, आत तोच कायमचा एसी आणि पंख्यांचा आवाज. आमच्या केजमध्ये थंड बाजूला उभं राहिलं की दातावर दात वाजतात, गरम बाजूला गेलं की पाठीला घाम; मी दोन्हीकडे पुरेल असं जुनं स्वेटर कपाटात ठेवते. विंडो, म्हणजे कामाला मिळालेला वेळ, एक ते पाच. एका एकट्या डेटाबेस सर्व्हरचं रेड कार्ड होतं, फर्मवेअर बरंच जुनं. नुसता रीस्टार्ट झाला, परत आला. बॅकअप तपासला. बायोसच्या सेटिंग्ज निर्यात करून ठेवल्या, कारण अपडेटनंतर बूट क्रम बदलून सर्व्हर नेटवर्कवरून बूट व्हायची वाट बघत बसलेला मी पाहिलाय. फाइलचा चेकसम, म्हणजे ती धड उतरली का ते सांगणारा आकडा, जुळवला. सगळं नियमाप्रमाणे. २:२० ला रेड कार्डाला नवी आवृत्ती दिली.

सर्व्हर परत आला तेव्हा रेड कार्ड नव्हतंच. यादीत नाही, पडद्यावर नाही. पंखे पूर्ण वेगात, विमान उडताना होतो तसा आवाज. वीज तोडली, दोन्ही केबली काढल्या, अर्धं मिनिट पॉवरचं बटण दाबून धरलं, पुन्हा लावलं. कार्ड मेलेलंच.

कारण नंतर सापडलं, आणि ते सापडायला हुशारी लागली नाही. प्रकाशन टिपणाच्या तिसऱ्या पानावर सरळ लिहिलं होतं, की अमुक आवृत्तीच्या आधीचं फर्मवेअर असेल तर आधी मधली एक आवृत्ती टाका, मग ही. मी पहिलं पान वाचलं होतं. काय सुधारलं ते.

कंपनीच्या सपोर्टला फोन लावला. पलीकडचा मुलगा शांत होता, तो बहुतेक रोज अशा बायकांशी बोलत असावा. नवीन कार्ड चार तासांत येईल म्हणाला; त्या पावसात चार तास म्हणजे किती, ते मला माहीत होतं. आमच्या कपाटात भंगारात काढलेल्या एका सर्व्हरमधलं त्याच मॉडेलचं कार्ड होतं. मी स्वतःच ते दोन वर्षांपूर्वी 'राहू दे' म्हणून काढून ठेवलेलं. स्टोअरवाल्या दादांनी तेव्हा नाक मुरडलं होतं. ते बसवलं.

नवं कार्ड जुन्या डिस्का बघतं तेव्हा म्हणतं, या माझ्या नाहीत, परक्या आहेत. पडद्यावर 'फॉरिन कॉन्फिगरेशन' असा मजकूर येतो आणि खाली पर्याय असतात. एक आयात करायचा. एक पुसून टाकायचा. रेडची मांडणी डिस्कांवरही लिहिलेली असते, त्यामुळे आयात केलं की कार्ड ती वाचून घेतं आणि सगळं जागेवर येतं. पुसलं तर तुम्ही आणि तुमचा बॅकअप. हे दोन पर्याय एकाखाली एक का ठेवलेत, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. मी शेजारी उभ्या सहकाऱ्याला म्हटलं, "तू वाच मोठ्याने, मी दाबते." त्याने वाचलं. मी म्हटलं, "परत वाच." तीनदा वाचून घेतलं आणि मग दाबलं.

४:१० ला डेटाबेस वर आला. मालकाला मेसेज केला: काम झालं, थोडा उशीर, तपशील सोमवारी. सोमवारी सगळं लिहून दिलं, तिसऱ्या पानासकट. फायदा असा झाला की तो मालक तेव्हापासून माझ्यावर जास्त विश्वास ठेवतो. लोकांना बहुतेक चूक खपते, लपवलेली खपत नाही. तरी मी प्रयोग पुन्हा करणार नाही.

आता प्रत्येक अपडेटचं टिपण छापून, 'आधी काय लागेल' याच्याखाली लाल रेघ मारल्याशिवाय चेंज मंजूर होत नाही. नियम माझाच.

मग प्रत्येक नवी आवृत्ती आली की लगेच टाकायची का? नाही. यावर माझं आणि सुरक्षावाल्यांचं कायम वाजतं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या चुका बाहेर आल्या तेव्हा सगळं जग इंटेलचा नवा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, बायोसमधून टाकायला धावलं. २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितलं, थांबा, टाकू नका. ब्रॉडवेल आणि हॅसवेल प्रोसेसरांवर मशिनं अचानक रीबूट होतायत. जे धावत सुटले होते त्यांना जुनी आवृत्ती परत आणावी लागली. म्हणून बायोस, रेड आणि नेटवर्क कार्डं यांच्या बाबतीत मी सहसा नवी आवृत्ती आली की महिना-दीड महिना लॅबमधल्या दोन मशिनांवर ठेवते, मग पुढे. आणि एकटं फर्मवेअर कधी पुढे न्यायचं नाही, ड्रायव्हर (ऑपरेटिंग सिस्टिमला त्या कार्डाशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर) त्याच्या जोडीचा आहे का ते हायपरव्हायझरच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशिनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सुसंगतता यादीत बघायचं. नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर नवं आणि ड्रायव्हर जुना अशा जोडीने आमच्याकडे एक लिंक आठवडाभर पडत-उठत होती, आणि आठवडाभर आम्ही केबली बदलत होतो.

बीएमसीचं मात्र उलट. तिथे मी वाट बघत नाही. बीएमसी बहुतेक वेळा सर्व्हर चालू असताना बदलता येतो, चाळीस मिनिटं मागावी लागत नाहीत, कुणाच्या महिनाअखेरीला धक्का नाही. आणि धोका सगळ्यात मोठा तिथेच. २०१७ मध्ये एचपीईच्या आयएलओ ४ मध्ये, म्हणजे त्यांच्या बीएमसीत, जी चूक दुरुस्त झाली, तिचा तपशील पुढच्या वर्षी बाहेर आला तेव्हा मी खुर्चीवरून उठले होते. वेब विनंतीच्या एका हेडरमध्ये इंग्रजी 'ए' हे अक्षर २९ वेळा लिहायचं. बस्स. पासवर्ड लागत नव्हता. मांजरीने कीबोर्डवर पाय ठेवला तरी जमेल असा दरोडा. २०२५ मध्ये एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमध्ये सीव्हीई-२०२४-५४०८५ क्रमांकाची चूक निघाली, तीही पासवर्ड वगळून आत जाऊ देणारी, धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुणांची. मेगारॅक अनेक कंपन्यांच्या सर्व्हरांत असतो, डब्यावर नाव कुणाचंही असो. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सिसा या संस्थेने तिला 'प्रत्यक्ष वापरात आलेल्या' चुकांच्या यादीत टाकलं. बीएमसीत घुसून बसलेल्या चोराला ऑपरेटिंग सिस्टिममधला अँटिव्हायरस बघू शकत नाही. तो माळ्यावर राहतो, तुम्ही घरात कुलपं तपासत बसता.

ती बातमी आली तेव्हा सरांनी पुन्हा तेच विचारलं, आपल्याकडे किती? मी शीट उघडली. चार मिनिटं. आकडा इथे लिहीत नाही, पण शून्य नव्हता, आणि पुढच्या मंगळवारपर्यंत झाला. बीएमसीचं नेटवर्क आमच्याकडे वेगळं आहे, इंटरनेटपर्यंत पोचत नाही, त्यामुळे झोप उडाली नव्हती. पण वेगळं नेटवर्क आहे म्हणून दुरुस्ती पुढे ढकलायची, हे मला पटत नाही. कुंपण आहे म्हणून कुणी दार सताड उघडं ठेवतं का?

ऑडिटरांबद्दल एक ओळ लिहिते आणि सोडते: ते फक्त आवृत्ती ताजी आहे का ते विचारतात. शेवटचा रीस्टार्ट कधी झाला, हे १३ वर्षांत एकाही ऑडिटरने विचारलेलं नाही.

सध्या शीटमध्ये एक नवा रकाना आलाय. सिक्युअर बूट म्हणजे चालू होताना फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, तिची मायक्रोसॉफ्टची २०११ सालची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपायला लागतात. २०२३ ची नवी प्रमाणपत्रं कुठल्या सर्व्हरच्या बायोसमध्ये आहेत आणि कुठल्या नाहीत, ते आता बघावं लागतं. मुदत संपली म्हणून मशिन लगेच बंद पडणार नाही, पण बूटच्या वाटेवरच्या पुढच्या दुरुस्त्या अडतील. जिथे नाहीत तिथे पुन्हा बायोस, पुन्हा कॅब, पुन्हा चाळीस मिनिटं. नवीन मुलाला मी हे काम दिलंय. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, रॅक ९ मधला खालून तिसरा कुणाचा?"

हा तो सर्व्हर, जो २०१९ च्या नऊ दिवसांत यादीबाहेर सापडला होता. दोन सापडले होते. एकाचा मालक मिळाला, याचा नाही. बिल कुठल्या खात्याचं तेही कळत नाही. जुने मालक म्हणून ज्यांची नावं निघाली त्यातले दोघे नोकरी सोडून गेले, तिसरे म्हणतात माझा नाही. अपडेट करायला परवानगी हवी, परवानगी द्यायला मालक हवा. दर तिमाहीला मी सगळ्या टीमना मेल टाकते, दर तिमाहीला कुणी उत्तर देत नाही. शीटमध्ये सगळ्यात जुना बायोस त्याचा, सगळ्यात जास्त चालू दिवसही त्याचेच: २,३००च्या वर. नेटवर्कवर थोडी ये-जा दिसते, म्हणजे काहीतरी चालू आहे. काय ते देव जाणे.

शेवटी गेल्या बुधवारी कॅबमध्ये लेखी मंजुरी घेतली. सर्व्हर बंद करायची नाही, ती मागायची हिंमत मलाही नाही. फक्त नेटवर्कच्या स्विचवरचे त्याचे दोन पोर्ट (केबल जोडायच्या जागा) बंद करायचे, आणि कोण ओरडतं ते बघायचं. कुणी ओरडलं की दोन मिनिटांत पोर्ट चालू, आणि मालक सापडला. सोमवारी सकाळी ११ वाजता बंद केले. नवीन मुलगा फोनकडे बघत बसला होता, मी त्याला म्हटलं, जेवून ये.

आज गुरुवार. अजून फोन आलेला नाही. महिनाअखेर उद्या आहे.